वाजवून घेतलेली भूमि

वैशाखाच्या अखेरीस कोंकणांतल्या कोणत्याहि परसांत फणसाच्या झाडाखालीं उभें राहावें, म्हणजे ध्वनिशास्त्राचा पहिला धडा विनामूल्य मिळतो. घरांतील एखादें जाणतें माणूस फळाजवळ जातें, बोटांनीं त्यावर दोन-चार टिचक्या मारतें, क्षणभर कान देतें आणि ‘अजून आठ दिवस’ असें सांगून मोकळें होतें. बाहेरून सगळे फणस सारखेच कांटेरी. आंतील गरा तयार झाला कीं नाहीं हें डोळ्यांस कळत नाहीं, तें कानास कळतें. कुंभाराकडून मडकें घेतांना गृहिणी तें वाजवून घेते. खणखणीत वाजलें तर तें घरीं येतें, बद्द वाजलें तर तेथेंच राहतें. चांदीच्या रुपयाच्या काळांत दुकानदार संशयाचें नाणें दगडावर आपटून पाहत असे. जांभ्याचा चिरा भिंतींत बसविण्यापूर्वीं जाणता गवंडी त्यावर हातोडीचा हलका ठोका देतो. ‘वाजवून घेणें’ म्हणजे पारख करणें, असा अर्थ मराठी भाषेंत रूढ झाला तो कांहीं उगाच नव्हे.

या सर्व परीक्षांच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे. ठोक्यानें पदार्थांत कंप उत्पन्न होतो व तो लाटेच्या रूपानें पुढें पसरतो. पदार्थ एकजीव असेल तर लाट सरळ पार जाते. मध्यें भेग असेल, पोकळी असेल किंवा एक थर संपून निराळ्या जातीचा थर सुरू होत असेल, तर लाटेचा कांहीं भाग तेथून मागें परततो, कांहीं वांकडी वाट धरतो आणि कांहीं उशिरानें पुढें पोंचतो. हा उशीर आणि हें परतणें ज्याला मोजतां आलें, त्याला पदार्थ न फोडतां त्याच्या पोटांतलें पाहतां आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मनुष्याच्या देहाची अशी पारख करणारा पहिला शास्त्रीय ग्रंथ १७६१ सालीं व्हिएन्ना येथें प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता लिओपोल्ड आउएनब्रुगर हा एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपांत मद्य किती उरलें आहे हें पिंप ठोकून ओळखण्याची युक्ति त्यानें लहानपणीं पाहिली होती, अशी आख्यायिका आहे. रोग्याच्या छातीवर बोटें ठोकून आंत पाणी सांचलें आहे कीं काय हें तो सांगूं लागला. जवळ जवळ अर्धें शतक त्याच्या ग्रंथाकडे वैद्यांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १८०८ सालीं नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार यानें त्याचें फ्रेंच भाषांतर केलें, तेव्हां कोठें ही विद्या सर्वमान्य झाली. फणस, मडकें व छाती यांना लागू पडणारें हें तत्त्व खुद्द भूमीला लागू पडेल काय, हा प्रश्न त्यानंतरच्या शतकांत पुढें आला. महाराष्ट्रांत त्याचें उत्तर शोधण्याची पाळी आली ती मात्र एका मोठ्या अनर्थानंतर, आणि त्या शोधाच्या दोन रेघा रत्नागिरी जिल्ह्याच्या समुद्रकिनाऱ्यापासून निघाल्या.

या जिल्ह्याची भूमि थरांची आहे हें सांगावयास शास्त्रज्ञ नको. रत्नागिरीहून हातखंब्याकडे जातांना जो उघडा सडा लागतो तो तांबड्या, सच्छिद्र जांभ्याचा. विहीर खोदणारा मनुष्य जांभा फोडून खालीं गेला कीं त्याला काळा कातळ लागतो, आणि मग पहारीचा आवाजच बदलतो. हाच काळा कातळ पूर्वेस सह्याद्रीच्या रूपानें उभा राहिलेला आहे. पावसाळ्यानंतर कुंभार्ली घाटांतून वर पाहिलें तर डोंगराच्या अंगावर एकावर एक रचलेल्या आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वितळलेला रस पुनःपुन्हां बाहेर आला, पसरला व थिजला. प्रत्येक पूर म्हणजे एक पट्टी. या डोंगरांच्या पायऱ्या पाहूनच भूशास्त्रज्ञांनीं ‘ट्रॅप’ हें नांव घेतलें, कारण स्वीडिश भाषेंत त्या शब्दाच्या मूळ रूपाचा अर्थच जिना असा आहे.

या काळ्या कातळानें महाराष्ट्राच्या बहुतेक भूमीवर एक जाड पांघरूण घातलेलें आहे. पांघरुणाखालीं काय आहे, तें किती जाड आहे, आणि त्याच्या खालची जुनी भूमि अखंड आहे कीं मोडलेली आहे, याचा पत्ता वरून लागत नसे. कांहीं खुणा मात्र होत्या. उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचें उन्हाळें अशीं ऊन पाण्याचीं कुंडें कोंकणांत किनाऱ्याला समांतर अशा पट्ट्यांत दक्षिणोत्तर पसरलेलीं आहेत. लोक तेथें श्रद्धेनें स्नान करीत आले. भूशास्त्रज्ञांना त्यांत आणखी एक अर्थ दिसला. पाणी एवढें तापून वर येतें त्या अर्थी तें खोल जाऊन परत येत असलें पाहिजे, आणि खोल जावयास त्याला कोठें तरी फट मिळत असली पाहिजे. थरांच्या रचनेत जेथें एक बाजू दुसरीपासून तुटून सरकते त्या जागेला प्रस्तरभंग म्हणतात. मडक्याला भेग, तसा भूमीला प्रस्तरभंग. भेद एवढाच कीं मडक्याची भेग मडक्यालाच बाधते. भूमीची भेग हलली तर वर राहणाऱ्यांचीं घरें जातात.

भूमि ठोकून पाहण्याचा पहिला पद्धतशीर प्रयोग आयर्लंडमधील रॉबर्ट मॅलेट या अभियंत्यानें १८४९ सालीं डब्लिनजवळच्या किलिनी येथील समुद्रकांठच्या वाळूंत केला. त्यानें बंदुकीच्या दारूचें पिंप वाळूंत पुरून उडविलें आणि दूर अंतरावर पाऱ्यानें भरलेलें एक भांडें ठेविलें. पाऱ्याच्या आरशासारख्या पृष्ठावर एक प्रतिमा पाडलेली होती. हादरा तेथें पोंचतांच पारा थरथरे व प्रतिमा पुसट होई. स्फोट व थरथर यांमधील वेळ मोजून त्यानें वाळूंतील व नंतर ग्रॅनाइट खडकांतील लाटेचा वेग काढला. त्याचें साधन ओबडधोबड होतें आणि खडकाचा वेग प्रत्यक्षापेक्षां फार कमी आला; परंतु वाळूपेक्षां खडकांत लाट अधिक वेगानें धांवते, ही गोष्ट त्यानें मोजून दाखविली.

यापुढील मोठें पाऊल हिंदुस्थानांत पडलें. १२ जून १८९७ रोजीं आसामांत प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांतील अधिकारी रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनीं त्याचा तपास केला. दूरदूरच्या देशांतील यंत्रांवर उमटलेल्या त्या भूकंपाच्या रेघा पाहतां त्यांना दिसून आलें कीं हादरा एक नसतो. प्रथम एक जलद लाट येते, तिच्या मागून दुसरी मंद लाट येते, आणि सर्वांत शेवटीं पृष्ठभागावरून पसरणाऱ्या मोठ्या लाटा येतात. यांपैकीं पहिली लाट खऱ्या अर्थानें ध्वनीचीच लाट होय. हवेंतील आवाजाप्रमाणेंच ती पदार्थाला पुढें-मागें दाबीत व ताणीत जाते. खडकांतील तिचा सूर मनुष्याच्या कानास ऐकूं येण्याइतका उंच नसतो, इतकेंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत भूकंपमापक यंत्र बसलें, आणि नानाभाई मूस यांच्यासारख्या हिंदी संचालकाच्या देखरेखीखालीं दूरच्या भूकंपांची नोंद मुंबईंत होऊं लागली.

ज्या युक्तीवर पुढें कोंकणांतील सर्वेक्षण उभें राहिलें, ती मात्र झाग्रेब येथील आंद्रिया मोहोरोविचिच या शास्त्रज्ञाची. ८ ऑक्टोबर १९०९ रोजीं त्या गांवाजवळ भूकंप झाला. निरनिराळ्या ठाण्यांच्या नोंदी तपासतां त्याला आढळलें कीं जवळच्या ठाण्यांवर जी लाट प्रथम येते ती दूरच्या ठाण्यांवर मागें पडते आणि तेथें दुसरीच एक लाट आधीं पोंचते. याचें रहस्य रत्नागिरीच्या वाटसरूला सहज समजेल. रत्नागिरीहून जवळच्या एखाद्या वाडीला जावयाचें तर तो आडवाटेनें सरळ जातो. परंतु चिपळूणला जावयाचें असल्यास तो आधीं हातखंब्याला जाऊन महामार्ग गांठतो. अंतर थोडें वाढलें तरी हमरस्त्यावरील वेगामुळें तो आडवाटेनें निघालेल्याच्या आधीं पोंचतो. मोहोरोविचिचची दूरची लाट अशीच खोल उतरून एका जलद थराचा हमरस्ता धरून आली होती. लाटा कोणत्या अंतरावर एकमेकींस मागें टाकतात हें कळलें म्हणजे तो हमरस्ता किती खोल आहे याचें गणित मांडतां येतें. भूकवच व त्याखालील घन आवरण यांमधील सीमेला आज त्याचेंच नांव आहे.

भूकंपाची वाट पाहत बसण्याऐवजीं आपणच सुरुंग उडवावा, हा विचार पहिल्या महायुद्धानंतर फोफावला. जर्मनींत लुडविग मिंट्रॉप यानें आणि अमेरिकेंत जॉन कार्चर यानें स्फोटाच्या लाटांनीं जमिनीखालील थर शोधण्याच्या पद्धति बसविल्या. कार्चरचे पहिले प्रयोग १९२१ सालीं ओक्लाहोमा प्रांतांत झाले. प्रेरणा अर्थात् खनिज तेलाची होती. महाराष्ट्राच्या कातळाखालीं तेल मिळेल अशी विशेष आशा कोणास नव्हती, म्हणून येथला कातळ बराच काळ कोणी वाजवून पाहिला नाहीं. शिवाय दख्खनची भूमि जगांतील अति प्राचीन व स्थिर भूमींपैकीं एक, असा समज रूढ होता. भूकंप हिमालयाच्या पायथ्याशीं व्हावयाचे. सह्याद्रीला त्यांची बाधा नाहीं, असें पाठ्यपुस्तकांतूनहि शिकविलें जाई.

या विश्वासाच्या छायेंत कोयनेचें धरण उभें राहिलें. सह्याद्रीच्या माथ्यावर कोयना नदी अडवून तिचें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळवावें, सुमारें पावणेपांचशे मीटर खालीं पोफळीच्या भूमिगत वीजगृहांत सोडावें, आणि तेथून तें वाशिष्ठी नदीला मिळावें, अशी ही योजना. धरण सातारा जिल्ह्यांत, तर त्याची वीज निर्माण होते ती रत्नागिरी जिल्ह्यांतील चिपळूण तालुक्याच्या भूमीखालीं. धरणाची उंची १०३ मीटर. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर भरूं लागला, वीजगृह चालूं झालें, आणि त्याच सुमारास परिसरांतील लोकांना जमिनीखालून गडगडल्यासारखे आवाज व बारीक हादरे जाणवूं लागले. १९६७ च्या सप्टेंबरांत एक मोठा धक्का बसला. शेवटीं ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे सव्वाचारानंतर, लोक गाढ झोपेंत असतांना, सुमारें ६.३ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगर व भोंवतालचीं गांवें कोसळलीं. सुमारें दोनशे माणसें दगावलीं, हजाराहून अधिक जखमी झालीं. मुंबईचा वीजपुरवठा तुटला व कारखाने थंडावले. धक्का सबंध कोंकणांत, पुण्यांत व गोव्यांत जाणवला.

धरणाच्या पायांतील सज्जांत बसविलेल्या यंत्रानें त्या पहाटे जो आंकडा नोंदविला तो पुढें जगभरच्या अभियंत्यांनीं अभ्यासिला. भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरून धरणाचा आराखडा केलेला होता; प्रत्यक्षांत धरणाच्या लांबीच्या दिशेनें ०.६३ पट प्रवेग नोंदला गेला. धरण उभें राहिलें, परंतु त्याच्या उंच भागांत, मागील उतार जेथें बदलतो त्या पातळीजवळ, दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. त्या बुजविण्यांत आल्या आणि नंतर मागील बाजूस काँक्रीटचे भक्कम आधार देण्यांत आले. नदीच्या परिसरांत दोनाचीवाडा, नानेल या गांवांजवळ जमिनीवरहि तिरकस भेगांची रांग उमटली होती. खालचा कोणता तरी जुना सांधा हलला होता. पांघरूण मात्र वरून अखंड दिसत होतें.

यानंतर वाद माजला. कोणी म्हणाले, धरणाच्या पाण्यामुळेंच भूकंप झाला. कोणी म्हणाले, केवळ योगायोग. अमेरिकेंतील मीड सरोवर, आफ्रिकेंतील करीबा, ग्रीसमधील क्रेमास्ता अशीं उदाहरणें पुढें आलीं. तेथेंहि जलाशय भरल्यावर हादरे सुरू झाले होते. आज बहुतेक शास्त्रज्ञांचें मत असें आहे कीं पाणी स्वतः भूकंप घडवीत नाहीं. आधींच ताणलेला प्रस्तरभंग खालीं असेल तर पाण्याचा भार व भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब त्याला सुटावयास निमित्त होतो. म्हणजे प्रश्न पुन्हां मूळ जागीं आला. कातळाखालीं असा प्रस्तरभंग आहे काय, आणि किती खोल आहे? घरें पडलेल्या माणसांना व घाटाखालीं वाशिष्ठीच्या कांठीं राहणाऱ्या हजारों कुटुंबांना हा प्रश्न विद्वत्तेचा नव्हता.

हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची स्थापना १९६१ ची. सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें तिनें १९७२ पासून दक्षिण हिंदुस्थानांत कावलीपासून उडुपीपर्यंत खोल भूस्तरांचें पहिलें ध्वनिसर्वेक्षण केलें. त्याच दशकांत तिनें कोयनेचा प्रदेश हातीं घेतला. के. एल. कैला व त्यांचे सहकारी यांनीं पश्चिम-पूर्व अशा दोन रेघा आंखल्या. एक गुहागरपासून सांगली जिल्ह्यांतील चोरोचीपर्यंत, कोयनेच्या जवळून जाणारी. दुसरी तिच्या उत्तरेस, दापोली तालुक्यांतील केळशीपासून लोणीपर्यंत. गुहागरची लांबलचक पुळण आणि केळशीची खाडी यांना तोंपर्यंत सुट्टींतल्या पाहुण्यांची ओळख होती. आतां तेथून पृथ्वीच्या पोटाची मोजणी सुरू झाली.

पद्धति दिसावयास साधी, करावयास दगदगीची. रेघेवर ठराविक अंतरांवर भोकें पाडून त्यांत सुरुंग भरावयाचे. रेघेच्या बाजूनें जिओफोन नांवाचीं लहान कंपग्राहक यंत्रें जमिनींत रोवून तारेनें नोंदयंत्राला जोडावयाचीं. सुरुंग उडाल्याचा क्षण आणि प्रत्येक यंत्रापर्यंत लाट पोंचल्याचा क्षण हे सेकंदाच्या शतांशापर्यंत टिपावयाचे. मग यंत्रें पुढें सरकवावयाचीं व पुन्हां सुरुंग. घाट, जंगल, शेतें, ओढे यांतून रेघ ओलांडावी लागे. काळ्या कातळांत लाट सेकंदाला सुमारें ५ किलोमीटर धांवते. त्याखालील ग्रॅनाइटसारख्या प्राचीन खडकांत सुमारें ६. आणि भूकवचाच्या तळाखालीं ८ हून अधिक. चाळीस किलोमीटर खोलीवरून परतणारा प्रतिध्वनि बारा-तेरा सेकंदांत वर येतो. एवढ्या वेळांत मनुष्य फार तर दोन दीर्घ श्वास घेतो, आणि तेवढ्यांत लाट सह्याद्रीच्या उंचीच्या कित्येकपट अंतर खालीं-वर करून येते.

मोडलेला थर या नोंदींत असा दिसतो: एकाच सीमेवरून येणारा प्रतिध्वनि रेघेच्या एका बाजूस ओळीनें येत असतो, पुढें एका जागीं तो एकाएकीं आधीं किंवा उशिरा येऊं लागतो, अथवा तुटतो व दुसऱ्या खोलीवर पुन्हां सांपडतो. जिन्याची पायरी अंधारांत पायाला लागावी तसा हा फरक. असा फरक एका थरांत दिसला तर तो थराचा स्वभाव म्हणतां येईल. एकाच जागीं वरपासून खालपर्यंत सर्व थरांत दिसला तर तेथें प्रस्तरभंग आहे असा निष्कर्ष निघतो.

१९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली, काळ्या कातळाचें पांघरूण सर्वत्र सारखें नाहीं. पश्चिमेस किनाऱ्याकडे तें सुमारें दीड किलोमीटर जाड, तर पूर्वेकडे पातळ होत होत ४०० मीटरांच्या आसपास येतें. दुसरी, भूकवचाचा तळ सुमारें ३६ ते ४० किलोमीटर खोलीवर आहे. तिसरी, कोयना परिसराखालीं भूकवचांत खोलवर गेलेला प्रस्तरभंग असावा. ज्या भूमीला अचल म्हटलें गेलें तिच्या पोटांत जुनी मोड होती, आणि लाव्हाच्या सपाट थरांनीं ती झांकून टाकली होती.

परंतु ध्वनीच्या साक्षीलाहि मर्यादा आहेत. हमरस्त्याचा दृष्टान्त येथें पुन्हां उपयोगी पडतो. वरच्या थराहून खालचा थर मंद असेल, तर त्या थराचा हमरस्ता बनतच नाहीं. लाट तेथून वळून वर येत नाहीं आणि तो थर नोंदींतून निसटतो. कातळाखालीं जुन्या गाळाचे मऊ थर दडलेले आहेत कीं नाहींत, ही शंका म्हणूनच निव्वळ अशा मोजणीनें पुरी फिटत नाहीं. त्यासाठीं शेवटीं मडकें फोडून पाहावें लागतें, म्हणजे भोक पाडावें लागतें.

तेंहि घडलें, आणि पुन्हां एका अनर्थामागून. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारी येथें भूकंप होऊन हजारों माणसें मेलीं. तेथें नंतर पाडलेल्या विवरांत ३३८ मीटर काळा कातळ, त्याखालीं गाळाचा आठ मीटरांचा पातळ थर आणि मग प्राचीन खडक असा क्रम मिळाला. कोयनेच्या भोंवतीं अलीकडच्या काळांत केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या योजनेखालीं अनेक खोल विवरें पाडलीं गेलीं. कऱ्हाड येथें त्यासाठीं स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. गोठणे गांवाजवळील विवर २०१७ सालीं सुमारें ३ किलोमीटर खोलीपर्यंत पोंचलें. तेथें कातळाची जाडी सुमारें १२५० मीटर भरली आणि त्याखालीं गाळाचा थर न लागतां थेट ग्रॅनाइट जातीचा प्राचीन खडक लागला. पश्चिमेकडे पांघरूण जाड होत जातें, असें जें चाळीस वर्षांपूर्वीं कानांनीं ऐकलें होतें, त्याला पहारीनें दुजोरा दिला. विवरांतून निघालेल्या खडकाच्या कांड्या आतां हातांत घेऊन पाहतां येतात, आणि कांहीं विवरांच्या खोलींत कंपग्राहक यंत्रें बसवून भूमीचे अति सूक्ष्म हुंकारहि टिपले जातात.

हीच विद्या लहान प्रमाणांत माणसाच्या बांधकामांनाहि लागू पडली. १८८० सालीं झाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं दाखविलें कीं कांहीं स्फटिक दाबले असतां वीज उत्पन्न करतात; उलट त्यांना वीज दिली असतां ते थरथरतात. त्यांतून कानास न ऐकूं येणारा अति उंच सूर काढतां येऊं लागला. रशियांतील सर्गेई सोकोलोव यानें १९२८ सालीं अशा सुरानें धातूंतील दोष शोधण्याची कल्पना मांडली, आणि अमेरिकेंतील फ्लॉइड फायरस्टोन यानें १९४० च्या सुमारास प्रतिध्वनीवर चालणारें यंत्र बनविलें. भारतीय रेल्वेमार्गांवर रूळांच्या पोटांतील भेगा अशाच यंत्रांनीं हुडकल्या जातात. काँक्रीटसाठीं भारतीय मानक संस्थेनें १९९२ सालीं नियम छापले: लाट सेकंदाला साडेचार किलोमीटरांहून जलद गेली तर काँक्रीट उत्तम, साडेतीन ते साडेचार असेल तर चांगलें, आणि तीन किलोमीटरांहून कमी असेल तर संशयास्पद. लाट मंद झाली याचा अर्थ तिला आंतील भेगेला वळसा घालावा लागला. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र, ज्याचा आरंभ १९१६ सालचा, जुन्या धरणांच्या पोटाची पारख अशाच लाटांनीं करीत आलें आहे. फणसावरची टिचकी आणि धरणावरचा सूर यांत नातें आहे तें असें.

कोयनेच्या परिसरांत १९६७ नंतरहि भूकंप थांबले नाहींत. पांच प्रतीहून मोठे वीसांवर धक्के तेथें नोंदले गेले आहेत, आणि लहान तर हजारों. बहुतेक सर्व एका मर्यादित पट्ट्यांत, दहा किलोमीटरांच्या आंतल्या खोलीवर होतात. १९६७ पूर्वीं जो प्रदेश भूकंपाच्या नकाशांत निर्धोक गणला जाई, तो १९७० च्या सुधारित नकाशांत चौथ्या, म्हणजे अधिक भयाच्या पट्ट्यांत घातला गेला. घर कसें बांधावें, खांबांत लोखंड किती घालावें, धरणाला आधार किती द्यावा, हें सर्व अशा नकाशावर ठरतें. नकाशावरचा एक रंग बदलणें म्हणजे पोफळी, अलोरे, चिपळूण येथल्या पुढच्या पिढीच्या डोक्यावरचें छप्पर अधिक भक्कम होणें होय. आणि तो रंग वेळीं बदलला असता तर कोयनानगरच्या त्या पहाटे कांहीं घरें उभीं राहिलीं असतीं, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

भूमि कोठें बद्द वाजते हें ध्वनीनें सांगितलें आहे. ती भेग कोणत्या रात्रीं हलेल हें मात्र त्याला सांगतां येत नाहीं, आणि तसें सांगण्याची विद्या अद्याप कोणाजवळ नाहीं. म्हणून ज्ञान झाल्यावर उरतें तें काम माणसाचें. गृहिणी मडकें वाजवून घेते ती पाणी भरण्यापूर्वीं, भरल्यानंतर नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर हा क्रम एकदां उलटा झाला. पुढें जेथें जेथें नदी अडवावयाची, डोंगर पोखरावयाचा, नवें गांव वसवावयाचें, तेथें आधीं कान द्यावा आणि मग कुदळ घालावी, एवढा बोध गुहागरपासून निघालेल्या त्या रेघेनें सर्वांस दिला आहे.